सव्वा मूठ

"अक्का, जीभ नका लावू बोटाला! फोन आहे तो, पत्ते पिसायचे नाहीयेत आपल्याला."

कामिनीने पुन्हा सांगितलं आणि झुंबरबाईने पुन्हा बोट पदराला पुसलं. पुसलं की बोट कोरडं व्हायचं, आणि कोरड्या बोटाला फोन ओळखच द्यायचा नाही. शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवण्यात तिची हयात गेली होती. चुलीने आणि घासणीने बोटांवरच्या रेघा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. ती हिरव्या खुणेवर टकटक करत होती आणि फोन आपला ढिम्म.

"मनं बोट त्याले समजतच नही व माय," ती म्हणाली. "का मी जित्ती शे हाईच त्याले मान्य नही?"

वाचनालयाच्या हॉलमध्ये हशा पिकला. सोनगीरच्या या वाचनालयात पुस्तकं वाचायला फारसं कोणी येत नसे, पण आठवड्यातून दोनदा भरणारा म्हाताऱ्यांचा मोबाइल वर्ग मात्र गच्च असायचा. बाहेर तांबटांची ठोकठोक, आत म्हाताऱ्यांचा कलकलाट, आणि मधोमध धुळ्याच्या कुठल्याशा संस्थेकडून स्कूटरवर आलेली कामिनी. पोरगी गोड होती, कोणावर कधी चिडायची नाही. फक्त एक खोड होती. कोणाला काही जमलं रे जमलं की ती आधी त्याचा फोटो काढायची, मग शाबासकी द्यायची.

त्या दिवशी समोरासमोर दिसणाऱ्या फोनचा धडा होता. लोटन आबांना ओसरीत बसवलं होतं आणि आतल्या बायकांनी त्यांना फोन लावायचा होता. आबा शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसे ओरडायचे, त्यामुळे त्यांचा आवाज फोनच्या आधी दारातूनच यायचा. कुंदाबाईने फोन लावला खरा, पण आबांचं तोंड दिसताच तिने पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला.

"कुंदाक्का, चेहरा दिसत नाहीये तुमचा. नुसतं लुगडं दिसतंय."

"कसा दिसी? त्या मना जेठ लागतस ना!"

"अहो, थोरले दीर असले तरी ते ओसरीत बसलेत. इथे फक्त त्यांचं चित्र आहे."

"चित्र ऱ्हायनं तरी जेठनंच ना?" कुंदाबाई पदराआडून म्हणाली. यावर संस्थेने कामिनीला काही शिकवून पाठवलं नव्हतं.

झुंबरबाई मात्र असल्या गमतीत रमणारी नव्हती. ती शिकायला आली होती ती पोटातल्या गोष्टीसाठी. नवरा, नवल, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा भूपेंद्र सुरतेला कापडबाजारात पार्सलच्या कामावर होता. बायको दिपमाला आणि पोरगी हेमांगी त्याच्याजवळ. त्याच्याशी बोलायचं तर झुंबरबाईला मोतीलालच्या दुकानात जावं लागायचं. मोतीलाल माणूस सज्जन, फोन लावून द्यायचा, वर चहा पाजायचा. पण साखर तोलता तोलता त्याचे कान इकडेच असायचे. त्याच्यासमोर ती काय बोलणार? बरी शे, तुम्ही बरा शेतस ना, ठेव आते. घर खायला उठतं रे बाबा, दोन दिवस येऊन राहा, हे वाक्य तिच्या ओठावर किती वेळा आलं आणि मोतीलालच्या तराजूकडे बघून परत गेलं.

शेवटी भूपेंद्रने नवा फोन घेतला आणि काचेला तडा गेलेला जुना तिच्यासाठी पाठवला. तडा बरोबर मधून गेलेला होता. पण फोन आपला होता, आणि त्याच्यापुढे मोतीलाल नव्हता.

फोनचं आणि बोटाचं सूत जुळायला वेळ लागला, पण जुळलं. शेवटी कामिनीनेच तोड काढली. रात्री झोपताना बोटाला खोबरेल चोळून ठेवायचं आणि फोन हातात घेण्याआधी टोक ओलं करायचं, पण पाण्याने. मग एका सकाळी झुंबरबाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने सुरतेला फोन लावला. आधी एक कान दिसला, मग भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मग अख्खा भूपेंद्र.

"माय? अरे वा! तू ते भारीच हुशार व्हई गई व! दिपमाला, दख, मायना फोन वना!"

झुंबरबाईने फोन डोळ्यांजवळ नेला. ती नुसती बघत राहिली. कानशिलावरचे त्याचे केस पांढरे झाले होते. मागच्या खेपेला ते दिसले कसे नाहीत, याचं तिला वाईट वाटलं. त्याने कुशीत शिरून हसावं तसं तो समोर हसत होता, आणि हात लावायला गेलं की तड्याची काच बोटाला लागत होती.

त्या उन्हाळ्यात झुंबरबाईसारखी सुखी बाई गावात दुसरी नव्हती. रोज संध्याकाळी फोन. दिपमाला फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करायची आणि झुंबरबाई इकडून कढईत डोकावायची. हेमांगी गुजराती कविता म्हणून दाखवायची. आजीला त्यातलं काही कळायचं नाही, तरी तिचे डोळे भरून यायचे. वर्गात तर ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. गॅसची टाकी बोलवायला शिकली, लाईटबिल भरायला शिकली, दवाखान्याचा नंबर लावायला शिकली. लोटन आबा सहा वेळा विचारायचे आणि सातव्यांदा विसरायचे. झुंबरबाईला एकदा सांगितलं की पुरे.

आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, हे तिला कोणी सांगितलं नाही.

कारण भूपेंद्र गावी यायचा तो याच कामांसाठी. महिन्या दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी तो यायचा, कुरकुरत बिलं भरायचा, टाकीची व्यवस्था लावायचा, गोळ्या आणून द्यायचा. आणि त्या निमित्ताने दोन भाकरी आईच्या हातच्या खायचा, दुपारी तिच्या गोधडीवर घोरायचा. झुंबरबाईने गॅस आपणच बोलावल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग आते मनं आठे कामच काय उरनं?" तो हसला. तीही हसली. पोराचा भार हलका केल्याचं कौतुकच वाटलं तिला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला तरी येईल म्हणून तिने सांजोऱ्या केल्या. आखाजीच्या सकाळी फोन आला.

"माय, नही जमाव व. पन आपन रोज बोलतसच ना? दख, मी तुना समोरच शे."

समोरच होता तो. सांजोऱ्या तिने शेजारच्या भागाबाईच्या घरी पाठवल्या.

तरी तिने जीव लावून ठेवला होता तो श्रावणावर. आखाजी चुकेल, दिवाळी चुकेल, कानबाई चुकणार नाही. खान्देशी माणूस जगाच्या टोकाला असला तरी कानबाईच्या रोटाला घरी येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई मांडायची. त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. ते रोट घरच्यांनीच खायचे. परक्याच्या ताटात ते जात नाहीत. भावाभावांत वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, की कानबाईही वेगळी मांडतात. नवलच्या चुलत्यांची कानबाई सासऱ्याच्या काळातच वेगळी झाली होती. तेव्हापासून या घरात गहू निघायचे ते फक्त बापलेकांचे, आणि नवल गेल्यावर एकट्या भूपेंद्रचे. मूठ घरातल्या मोठ्या बाईची. आधी सासूची, मग झुंबरबाईची.

पंचमी आठ दिवसांवर आली तेव्हा तिने बोटाचं टोक ओलं करून फोन लावला.

"भूपेंद्र, पंचमी झायी का रविवारले रोट शेतस. आदल्या दिन येजो. दिपमालाले नी पोरले लई येजो. मी गहू निसी ठेयेल शेतस."

पलीकडे भूपेंद्रने मान खाजवली. मग तो म्हणाला, "माय, यंदा सुट्टी नही भेटत व. शेठ आयकतच नही. आनि आमनी गल्लीमा बठ्ठा खान्देशीच शेतस, बठ्ठा आठेच कानबाई मांडतस. आम्ही भी आठेच मांडसूत. तू फोनवर सांगजो कसं करनं ते. आते तुले बठ्ठं येस!"

"वाटा पडेल घरमा दोन कानबाई मांडतस रे," झुंबरबाई म्हणाली. "आपला कोठे वाटा पडेल शे?"

"तसं काय नही. तू उगाच मनवर लेस."

ती रागावली नाही. रागावायला समोर माणूस लागतो. तिने दोन दिवस विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा पोराशी खोटं बोलायचं ठरवलं. फोन लावला आणि तोंड पाडून म्हणाली, "भूपेंद्र, मना फोन बंद पडी ग्या रे. आते काहीच चालत नही. तूच येजो नी दुरुस्त करी जा."

भूपेंद्र पोट धरून हसला. "माय, तू त्याच फोनवर बोली ऱ्हायनी!"

त्याने दिपमालाला बोलावून सांगितलं, हेमांगीला सांगितलं. तिघंही हसली. झुंबरबाईला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा कानापर्यंत लाज चढली. तीही हसली मग. काय करणार?

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"पोरी, एक इचारू? शिकेल इसरता येस का?"

कामिनी वायरी गुंडाळत होती. "विसरायचं कशाला अक्का? आणि ऐकलं ते खरं का? सुनेला फोनवरून कानबाई शिकवणार आहात तुम्ही? कुंदाक्का सांगत होत्या." तिचे डोळे लकाकले. "मी येते ना व्हिडिओ करायला! आमच्या संस्थेला असंच काहीतरी हवं असतं. तुमच्यामुळे या वर्गाचं नाव होईल बघा. तुम्ही तर आता गुरू झालात, अक्का!"

इतक्या आनंदाने बोलणाऱ्या पोरीला काय सांगायचं? हिने काही वाईट केलं नव्हतं. हिने बोटाला खोबरेल चोळायला सांगितलं होतं.

"कर माय, कर," झुंबरबाई म्हणाली.

गहू काढायच्या दिवशी कामिनी सकाळीच आली. तिने फोन एका तीन पायांच्या काठीवर बसवला आणि आपल्या फोनने झुंबरबाईचं चित्रण सुरू केलं. झुंबरबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कामिनीने ते नेसायला सांगितलं नव्हतं. कानबाईच्या गव्हाला असंच नेसतात. तड्याच्या मागे सुरतेचं स्वयंपाकघर उजळलं. दिपमाला न्हाऊन, ओले केस बांधून, हिरवी साडी नेसून गव्हाच्या डब्यापुढे उभी होती. बाजूला कोरं सूप ठेवलेलं. दारात भूपेंद्र उभा होता. शेठ ऐकत नाही म्हणणारा भूपेंद्र त्या दिवशी घरीच होता.

"माय, आंघोळ करी लिधी. सूप नवंच आनेल शे," दिपमाला म्हणाली. ती मनापासून विचारत होती, तिच्या बोलण्यात कुठे खोट नव्हती. "आते मूठ कोनी भरानी?"

झुंबरबाई फोनच्या जवळ सरकली.

इतकंच होतं. मूठ घरातल्या मोठ्या बाईची लागते, ती फोनमधून येत नाही, माझ्या मुठीशिवाय रोट होत नाहीत. एवढं बोललं की झालं. यात खोटंही काही नव्हतं. तिच्या सासूने हेच सांगितलं होतं, सासूच्या सासूने हेच. देवीच्या नावापुढे भूपेंद्र हूं की चूं करणार नाही. संध्याकाळची गाडी धरून तिघं येतील, उद्या सकाळी या दारात उतरतील. तिने तोंड उघडलं.

"सांगा ना अक्का," कामिनी कॅमेऱ्यामागून कुजबुजली.

दिपमालाने हात पुढे करून ठेवला होता, ओल्या बोटांचा, डब्याच्या वर. चुकू नये म्हणून ती जीव मुठीत धरून उभी होती. मागे भूपेंद्रने डोळे खाली घातले होते. त्याला रीत ठाऊक होती. लहानपणी तो आईच्या मुठीखाली सूप धरायचा. माय काय बोलणार हे त्याला कळलं होतं, आणि तिने ते बोलू नये म्हणून तो खाली बघत होता. झुंबरबाईने त्याचं ते तोंड पाहिलं. ओढून आणलेला पोरगा घरात बसतो, पण त्याचं मन दारात चपलांपाशी असतं, हे तिला ठाऊक होतं. असं आलेलं माणूस काय कामाचं?

"तुनी मूठ चालस," ती म्हणाली. "तठली मोठी बाई तूच शे."

एवढ्या एका वाक्यात घराची वाटणी झाली. कागद नाही, पंच नाहीत, आणि वाटणी मागणाऱ्याला ती मागावीही लागली नाही. दिपमालाने भूपेंद्रच्या नावाने मूठ भरली, वर पाव मूठ टाकली, आणि गहू सुपात पडल्याचा आवाज इथपर्यंत स्पष्ट ऐकू आला. सुंठीवाचून खोकला गेला. कामिनीने टाळ्या वाजवल्या.

"काय सुंदर झालंय अक्का! तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ना, ते तर फारच छान आलंय."

कामिनी गेल्यावर झुंबरबाई आपल्या निवडून ठेवलेल्या गव्हापुढे बसली. सवयीने हात सुपात गेला. पण कोणाच्या नावाची मूठ काढायची? भूपेंद्रचे गहू सुरतेला निघाले होते, आणि एका पुरुषाचे गहू दोन घरी निघत नाहीत. नवल नव्हता. बाईच्या नावाने मूठ निघत नाही. तिने गहू परत डब्यात ओतले आणि झाकण लावलं.

कामिनीचा व्हिडिओ खूप जणांनी पाहिला म्हणे. पुढच्या वर्गात कामिनीने तो सगळ्यांना दाखवला, लोटन आबांनी "झुंबर, नाव काढं बेटा गावनं!" म्हणून हॉल दणाणून सोडला, आणि कोणीतरी तिच्या गळ्यात हार घातला. हार घातलेलाही फोटो निघाला. वर्गात, गल्लीत, मोतीलालच्या दुकानात जो तो विचारायचा, सुनेला शिकवून झालं, मग रविवारी भूपेंद्र येतोय ना? झुंबरबाई म्हणायची, येस ना, नही कसा येई?

रविवार आला. तिने चौरंगावर कानबाई मांडली, तिच्या नारळाला नथ घातली, दिवा लावला. दुपारपासून गल्लीभर रोटांचा तुपकट वास भरला. ज्याच्या त्याच्या घरी माणसं उतरली होती, ओट्यांवर चपला मावत नव्हत्या. एरवी वाटीभर कालवण केलं तरी शेजारी पाठवणारी गल्ली, पण आज कोणी कोणाला ये म्हणू शकत नव्हतं. आपापला रोट आपापल्या घरात. झुंबरबाईने कुकरला मूठभर तांदूळ आणि डाळ लावली.

दिवेलागणीला सुरतेहून आरतीचा फोन आला. भूपेंद्रने फोन कानबाईसमोर धरला. शेजारपाजारच्या खान्देशी बाया जमल्या होत्या, हेमांगी टाळ्या वाजवत होती. सुरतेची कानबाई छान मांडली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. झुंबरबाईने फोनला हात जोडले. शेजारणी गेल्या, घरची ताटं मांडली गेली. "माय, तू भी जेवी ले आते," असं म्हणत भूपेंद्रने फोन कुठेतरी आडवा ठेवला, आणि बंद करायचं विसरला.

फोनमध्ये आता सुरतेच्या घराचं छत होतं आणि त्याला फिरणारा पंखा. खालून ताटांचे आवाज येत होते, कोणी पाणी मागत होतं. झुंबरबाई भिंतीला टेकून पंखा बघत बसली. तिने फोन बंद केला नाही.

मागच्या भिंतीपलीकडून भागाबाईची हाक आली. तिचे दोन्ही लेक नाशिकहून आले होते. सकाळपासून तिला मान वर करायला फुरसत नव्हती, ती आता कुठे खरकटं टाकायला अंगणात आली असावी.

"झुंबर, व झुंबर! भूपेंद्र वना का नही?"

झुंबरबाई उठली.

"वना ना," ती म्हणाली. "जेवाले बठेल शे."

तिने फोनच्या बाजूचं बटण दाबून आवाज होता तेवढा वाढवला. घर एकदम माणसांनी भरलं. वाटी पडली, हेमांगी खिदळली. दिपमाला म्हणाली, "आखो एक ल्या ना, तूप सोडेल शे." आणि भूपेंद्र तोंडातल्या घासासकट म्हणाला, "आते नको व, पोट फुटी जाई."

"चांगलं व्हयनं बाई," भागाबाई भिंतीपलीकडून म्हणाली. "भरेल घर बरं वाटस."

तेवढ्यात सुरतेला कोणाचं तरी लक्ष गेलं आणि फोन बंद झाला. हसणं मध्येच तुटलं. घरात कुकरची वाफ सोडल्याचा तेवढा आवाज राहिला. भागाबाई अजून गेली नव्हती.

झुंबरबाईने रिकाम्या घराकडे तोंड केलं.

"भूपेंद्र, लाजू नको रे," ती मोठ्याने म्हणाली. "आखो एक ले."

भिंतीपलीकडे भागाबाईने खरकट्याचं भांडं हळूच उचललं. थोड्या वेळाने तिच्या बांगड्या वाजल्या आणि ती आपल्या घरात गेली.